नाव नंतर, वय आधी : मायनर लीगमधले होतकरू कसे पारखावेत

२००९ च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये माइक ट्राउटचं नाव पुकारलं गेलं, त्याआधी चोवीस खेळाडू निवडले गेले होते. त्यातला चोविसावा, रँडल ग्रिचक, खुद्द एंजल्सनेच घेतला होता आणि लगेच पुढच्या क्रमांकावर ट्राउटला. जुलै २०११ मध्ये ट्राउट मेजर लीगमध्ये आला आणि ४० सामन्यांत त्याची सरासरी राहिली .२२०. नुसता आकडा पाहिला तर हा खेळाडू कुणीही सोडून दिला असता. पण तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्या वयाची बहुतेक मुलं अजून कॉलेजात असतात किंवा सिंगल-ए च्या बसमधून गावोगाव फिरत असतात. पुढच्या वर्षी एप्रिल संपता संपता तो परत आला आणि हंगामाअखेर त्याच्या नावावर .३२६ ची सरासरी, ३० होम रन, ४९ स्टोलन बेस आणि १२९ रन जमा होते. ज्या फँटसी मालकाने मधल्या हिवाळ्यात त्याला रोस्टरवर राखलं, त्याची पुढची कित्येक वर्षं मार्गी लागली.

अमेरिकेत ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये ओढले गेलेले अनेक मराठी लोक विचारतात, की मायनर लीगमधला कोण घ्यावा. त्यांना एखादं नाव हवं असतं. नावं पुढे देणारच आहे, पण नावं शिळी होतात. वर्षभरात निम्मी मुलं वर जातात, काही जखमी होतात, काही अडकतात. म्हणून आधी पारख कशी करायची ते पाहू. फँटसी म्हणजे ड्रीम११ सारखं एका सामन्यापुरतं काही, अशी ज्यांची कल्पना आहे त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की इथली मूळ पद्धत पूर्ण हंगामाची आहे. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून 'रोटिसरी लीग' सुरू केली, तिथून ही पद्धत रुजली. भारतातून खेळणाऱ्यांनी पैसे न लावणाऱ्या लीगमध्येच खेळावं, कारण २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर तिथे बंदी आहे.

सगळ्यात आधी स्वतःच्या लीगचे नियम नीट वाचा. दरवर्षी नव्याने ड्राफ्ट होत असेल, तर १८ वर्षांचा कितीही गुणी मुलगा तुमच्या काही कामाचा नाही. येत्या चार-पाच महिन्यांत जो वर येईल तोच बघायचा. चार-पाच खेळाडू राखता येणारी कीपर लीग असेल, तर एक-दोन वर्षांत येणारा चालतो. डायनस्टी लीगमध्ये, म्हणजे जिथे जवळजवळ सगळी टीम कायम राहते आणि मायनर लीगसाठी वेगळ्या जागा असतात, तिथे मात्र खरा खेळ या मुलांवरच ठरतो. फँट्रॅक्ससारख्या ठिकाणी अगदी खालच्या स्तरावरचे खेळाडूही मिळतात. याहू किंवा ईएसपीएनवर खेळत असाल, तर कोण उपलब्ध आहे ते आधी तपासा. तुमची लीग बॅटिंग अॅव्हरेज मोजते की ऑन-बेस पर्सेंटेज, हेही बघा. भरपूर वॉक घेणारा पण .२५० ची सरासरी असणारा मुलगा पहिल्या प्रकारात सामान्य ठरतो, दुसऱ्या प्रकारात रत्न.

आता शिडी. २०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या ३० संघांचे प्रत्येकी चार, असे १२० संलग्न संघ उरले: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डोमिनिकन समर लीग. आपल्या रणजीशी याची तुलना करू नये. रणजी संघ जिंकण्यासाठी खेळतो. इथला खालचा संघ वरच्या संघाची मुलं घडवण्यासाठी असतो. त्यामुळे खालच्या संघाचा निकाल काय लागला याला फारसा अर्थ नसतो. एखाद्या पिचरला 'आज फक्त चेंजअप टाकत राहा' असं सांगितलेलं असू शकतं, आणि मग त्याच्या त्या दिवशीच्या आकड्यांवरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

या शिडीवर सर्वात बोलका आकडा म्हणजे वय. डबल-ए मधला सर्वसाधारण खेळाडू २३-२४ वर्षांचा असतो. तिथे एखादा १९ वर्षांचा मुलगा नुसता तग धरून असेल, तरी त्याच्याकडे लक्ष द्या. तोच मुलगा तिथे चमकत असेल, तर ताबडतोब घ्या. उलट कॉलेजातून आलेला २३ वर्षांचा फलंदाज सिंगल-ए मध्ये धुमाकूळ घालत असेल, तर तो आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरांच्या चेंडूंवर धावा काढतो आहे हे विसरू नका. रोनाल्ड अकून्याने २०१७ मध्ये, १९ व्या वर्षी, हाय-ए पासून ट्रिपल-ए पर्यंत तीन पायऱ्या चढल्या. प्रत्येक पायरीवर पिचर अधिक तयार मिळत गेले, तरी त्याची सरासरी वाढतच गेली: .२८७, .३२६, .३४४. अटलांटाने त्याला अवघ्या एक लाख डॉलरला करारबद्ध केलं होतं, त्यामुळे सुरुवातीला कुठल्याच यादीत तो ठळक नव्हता. पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर झाला. हुआन सोटोने २०१८ चा हंगाम सिंगल-ए मध्ये सुरू केला, डबल-ए मध्ये जेमतेम आठ सामने खेळला आणि २० मे रोजी, १९ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या संघात पोहोचला. आकडे आणि वय ज्याने शेजारी शेजारी मांडून पाहिले, त्याला ही दोन्ही नावं वेळेत सापडली असती.

काही आकडे मात्र फसवतात. ब्रँडन वुडचं उदाहरण दरवर्षी आठवावं असं आहे. २००५ मध्ये एंजल्सच्या या शॉर्टस्टॉपने रँचो कुकामोंगाकडून ४३ होम रन मारले. कॅलिफोर्निया लीगची मैदानं तेव्हा फलंदाजांना भरभरून देणारी होती. हवा कोरडी, वारा बाहेरच्या दिशेने. मेजर लीगमध्ये वुडची कारकिर्दीची सरासरी .१८६ राहिली. आजही पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्की, रीनो, लास व्हेगास, एल पासो ही उंचावरची किंवा वाळवंटी गावं आहेत. आल्बुकर्कीचं मैदान पाच हजार फुटांहून उंचावर आहे. तिथे साधा उडालेला चेंडूही कुंपणापलीकडे जातो. तिथल्या फलंदाजाचे होम रन जरा कमी धरा, आणि तिथल्या पिचरच्या फुगलेल्या ईआरए ला जरा माफ करा. स्टोलन बेसही जपून वाचा. खालच्या पायऱ्यांवर कॅचर कच्चे असतात, पिचरना धावपटू रोखायची सवय नसते, आणि पळणाऱ्या मुलाचे ५०-६० बेस सहज होतात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? माझ्या मते सगळ्यात आधी स्ट्राइकआऊट आणि वॉक यांच्या प्रमाणावर. बॅटला चेंडू लागतो की नाही आणि वाईट चेंडू सोडता येतो की नाही, या दोन गोष्टी पायरी बदलली तरी बऱ्यापैकी टिकतात; ताकद मागाहून येऊ शकते. मुकी बेट्स हा पाचव्या फेरीत निवडलेला बारीक अंगाचा मुलगा. २०१२ मध्ये लोवेलकडून ७१ सामने खेळला आणि एकही होम रन मारला नाही. पण त्याची नजर पक्की होती, चेंडू चुकत नव्हता. पुढच्या वर्षी १५ होम रन आले, त्याच्या पुढच्या वर्षी तो बॉस्टनमध्ये होता. होसे रामीरेस तर ५० हजार डॉलरला करारबद्ध झालेला. मोठ्या याद्यांनी त्याला कधी जागा दिली नाही, पण त्याची बॅट क्वचितच हवेत फिरायची. हे दोघं नंतर फँटसीच्या पहिल्या फेरीत घेतले जाऊ लागले.

दुसरा भरवशाचा आकडा म्हणजे बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो. २०२३ पासून ट्रिपल-ए ची स्टॅटकास्टची, म्हणजे चेंडूचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेची, माहिती सर्वांना खुली आहे. ताशी ९५ मैलांच्या वर गेलेले फटके मोजता येतात. जून २०२५ मध्ये रोमन अँथनीने वूस्टरकडून ४९७ फुटांचा ग्रँड स्लॅम मारला आणि दोनच दिवसांनी बॉस्टनने त्याला वर बोलावलं. त्या फटक्यानंतर त्याच्यावर बोली लावणाऱ्यांना तो महाग पडला. ज्यांनी एप्रिल-मे मध्ये त्याच्या फटक्यांचा वेग पाहिला होता, त्यांच्याकडे तो आधीच होता.

पिचरबाबत मी फार सावध आहे आणि तुम्हीही असावं. बेसबॉलच्या आकडेवारीवाल्यांमध्ये जुनं वचन आहे, की पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची वस्तूच नसते. कोपराचा लिगामेंट गेला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि मग बारा ते अठरा महिने घरी. फिलाडेल्फियाचा अँड्र्यू पेंटर २०२३ च्या वसंतात, वयाच्या १९ व्या वर्षी, थेट मेजर लीगच्या उंबरठ्यावर होता. कोपर दुखावलं, जुलैत शस्त्रक्रिया झाली आणि २०२३ व २०२४ असे दोन्ही हंगाम हातचे गेले. दोन वर्षं तुमच्या रोस्टरवरची एक जागा अशी अडून राहते. दुसरीकडे ट्रे येसाव्हेज. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो सिंगल-ए मध्ये होता. त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात टोरांटोसाठी त्याने डॉजर्सचे बारा फलंदाज स्ट्राइकआऊट केले आणि एकालाही वॉक दिला नाही. पिचर चढतो तेव्हा असा सरसर चढतो. म्हणून माझा सल्ला असा: डायनस्टीत फलंदाज खालच्या पायरीवरून गोळा करा, पिचर मात्र डबल-ए गाठल्यावरच घ्या. तोपर्यंत त्याची किंमत थोडी वाढलेली असेल, पण मधली दोन-तीन धोक्याची वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी रोस्टरवर गेलेली असतील.

कॅचरलाही वेळ द्यावा लागतो, पण तो दुखापतीपायी नव्हे. त्याला पिचरची अख्खी फळी सांभाळायला शिकायचं असतं आणि बॅटिंग मागे पडते. कॅल रॅली २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला, २०२१ मध्ये वर आला तेव्हा .१८० वर अडकला होता, आणि २०२५ मध्ये त्याने ६० होम रन मारले. छोट्या लीगमध्ये एवढी वाट पाहू नका. मोठ्या, एकच कॅचर मिळवायची मारामार असलेल्या लीगमध्ये जरूर पाहा.

गुण असूनही वाट अडते, ती संघाच्या हिशेबामुळे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटने वसंतातल्या सराव सामन्यांत नऊ होम रन मारूनही शिकागोने त्याला खाली पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. हंगामाअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने त्याचं मोकळं होणं एक वर्ष पुढे ढकललं गेलं, आणि त्याच वर्षी तो रूकी ऑफ द इयर होता. ही गोष्ट अन्यायाचीच होती, असं मला आजही वाटतं. खेळाडू संघटनेबरोबरच्या २०२२ च्या करारानंतर चित्र थोडं बदललं आहे: नावाजलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून संघात ठेवलं आणि त्याने रूकी ऑफ द इयर जिंकलं, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. हुलिओ रॉड्रिगेसमुळे सिॲटलला आणि कॉर्बिन कॅरोलमुळे ॲरिझोनाला ती मिळाली. म्हणून मार्चअखेर कोण संघाबरोबर निघतो आहे याकडे बारीक लक्ष ठेवा. आणि तुमच्या मुलाच्या जागेवर वर कोण बसलं आहे ते पाहा. डॉजर्सच्या डाल्टन रशिंगच्या बॅटबद्दल कुणाला शंका नव्हती, पण त्याच्यापुढे विल स्मिथ दहा वर्षांचा करार करून बसलेला. २०२५ मध्ये रशिंग वर आला, तो राखीव म्हणून. रोज न खेळणाऱ्या खेळाडूकडून फँटसीत काही मिळत नाही.

आता नावं. २०२५ चा हंगाम संपला तेव्हाचं हे चित्र आहे. सर्वात वर पिट्सबर्गचा कॉनर ग्रिफिन. २०२४ मध्ये हायस्कूलमधून नवव्या क्रमांकावर निवडलेला हा शॉर्टस्टॉप १९ व्या वर्षी सिंगल-ए ते डबल-ए असा तीन पायऱ्या चढला: .३३३, २१ होम रन, ६५ स्टोलन बेस. बेसची संख्या वर गेल्यावर घटेल, तरी पाचही रकान्यांत देणारा असा मुलगा क्वचित मिळतो. डेट्रॉइटचा केव्हिन मॅकगोनिगल मला त्याच्याइतकाच आवडतो. त्याच्याकडे तेवढा पळण्याचा वेग नाही, पण २०२५ मध्ये त्याचे वॉक स्ट्राइकआऊटपेक्षा जास्त होते आणि फटक्यांत जोरही होता. ऑन-बेस मोजणाऱ्या लीगमध्ये मी त्याला ग्रिफिनच्या आधी घेईन. मिलवॉकीचा हेसूस मादे आणि अॅथलेटिक्सचा लिओ डी व्रीस हे दोघंही १८ व्या वर्षी डबल-ए पर्यंत पोहोचले. डी व्रीससाठी अॅथलेटिक्सने जुलै २०२५ मध्ये मेसन मिलरसारखा क्लोजर सॅन डिएगोला दिला, यावरून जाणकार संघ त्याला किती मोल देतात ते कळतं. या दोघांसाठी वाट पाहायची तयारी हवी. पिचर हवाच असेल, तर मेट्सचा नोलन मॅक्लीन. त्याने २०२५ मध्ये ४८ इनिंग टाकल्या, म्हणजे ५० इनिंगची मर्यादा न ओलांडल्याने तो रूकीच राहिला. तुमच्या लीगमध्ये मायनर लीगच्या जागेसाठी हाच नियम असेल, तर तयार पिचर तुम्हाला त्या जागेवर ठेवता येतो.

यादीत शोधून मिळत नाही असं काही पाहायचं असेल, तर मैदानावर जा. आपली माणसं जिथे दाटीने राहतात, तिथेच हे संघ आहेत. न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला बालाजीच्या दर्शनाला जाता, त्याच गावात यांकीजचा डबल-ए संघ सॉमरसेट पेट्रियट्स खेळतो. डॅलसजवळ फ्रिस्कोत रेंजर्सचा डबल-ए, ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए, बे एरियात सॅन होजेला जायंट्सचा सिंगल-ए. होम प्लेटच्या मागे, थोडं बाजूला बसा. फलंदाजाच्या दोन स्ट्राइक होईपर्यंत थांबा, कारण खरी परीक्षा तिथून सुरू होते. पिचर स्लायडर टाकतो. चेंडू अर्ध्या वाटेवर मधोमध येतोय असंच वाटतं आणि मग तो खाली, बाहेर पळतो. कच्चा मुलगा पुढच्या खांद्यासकट ओढला जातो, एक हात सुटतो आणि बॅट चेंडूवरून फिरते. तयार मुलाची बॅटही निघते, पण मनगट वळायच्या आत थांबते, मागचा पाय जागचा हललेला नसतो. असा चेंडू एका सामन्यात दोन-तीनदा सोडणारा मुलगा दिसला, की त्याचं नाव लिहून ठेवा, मग त्या दिवशी तो शून्यावर का गेला असेना. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा: बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसपर्यंत उजव्या हाताच्या फलंदाजाला साधारण ४.३ सेकंद लागतात. चार सेकंदांत पोहोचणारा उजवा फलंदाज दुर्मीळ. पिचरचा फास्टबॉल पहिल्या इनिंगमध्ये किती आणि पाचव्यात किती, तेही फलकावर पाहा. ९६ चा ९२ होत असेल, तर तो पुढे रिलीव्हर होण्याची शक्यता जास्त.

बोलीबद्दल. एखादा मोठा फलंदाज मे-जूनमध्ये वर आला, आणि तुमच्या लीगमध्ये हंगामाला शंभर डॉलरचं काल्पनिक बजेट असेल, तर पंचवीस-तीसपर्यंत जायला हरकत नाही. पिचरसाठी त्याच्या निम्मे. मात्र पहिल्या दोन आठवड्यांवरून त्याला जोखू नका. जॅक्सन हॉलिडे, २०२२ च्या ड्राफ्टमधला पहिला, एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोरसाठी दहा सामने खेळला: ३४ पैकी २ हिट. त्याला खाली पाठवलं गेलं; जुलैच्या शेवटच्या दिवशी परत आला आणि त्याच सामन्यात त्याने ग्रँड स्लॅम मारला. जॅक्सन चुरिओही त्याच वर्षी सुरुवातीला चाचपडत होता आणि विसाव्या वर्षी २१ होम रन, २२ बेस घेऊन हंगाम संपवला. कोवळ्या वयाची ठेच असेल, तर तो खेळाडू स्वस्तात मागायची हीच वेळ असते. अडचण २५ व्या वर्षीची असेल, आणि स्ट्राइकआऊट वाढतच चालले असतील, तर विकून मोकळे व्हा. कोवळं वयही मात्र दरवेळी हमी देत नाही: जॅरेड केलेनिकला ज्यांनी २०२१ मधल्या .१८१ नंतरही नावाखातर धरून ठेवलं, त्यांना पुढच्या वर्षी .१४१ मिळाले.

वर्षाचं वेळापत्रक सोपं आहे. १५ जानेवारीला परदेशातल्या १६-१७ वर्षांच्या मुलांचे करार सुरू होतात. खूप खोल लीग नसेल, तर ती नावं नुसती टिपून ठेवा. जुलैत ड्राफ्ट होतो, वीस फेऱ्यांचा. त्यातले कॉलेजचे फलंदाज लवकर कामाला येतात. अॅथलेटिक्सचा निक कर्ट्झ २०२४ च्या जुलैत निवडला गेला, पुढच्या एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये होता आणि ३६ होम रन मारून अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर झाला. सप्टेंबरअखेर आपल्या रोस्टरवरच्या प्रत्येक मुलासमोर दोनच गोष्टी लिहा: आजचं वय आणि आजची पायरी. मागच्या सप्टेंबरची नोंद काढून शेजारी ठेवा. दुखापत नसताना जो वर्षभरात एकही पायरी चढला नाही, त्याला हिवाळ्यातल्या नव्या याद्या येण्याआधी, त्याच्या नावाला अजून भाव आहे तोवर, ट्रेडमध्ये देऊन टाका.